ओठ मिटणारा शब्द

मी पोटापाण्यासाठी मुलगा आहे. तशी बाई आहे, केस पिकायला लागलेत, चष्मा कधीचाच लागलाय. पण पडद्यावर परक्या भाषेतलं एखादं कार्टं आपल्या भाषेत भोकाड पसरत असेल, तर ते बहुतेक मीच. खऱ्या मुलांना माइकसमोर उभं करणं महाकठीण. त्यांना शू लागते, भूक लागते, कंटाळा येतो. म्हणून मुलांचे आवाज आम्ही बायकाच देतो. मला या धंद्यात आणलं मामाने. सिनेमा बाहेरून येतो, त्याचे संवाद मामा आपल्या भाषेत लिहितो आणि मी ते बोलते. आज मी मामाबद्दलच सांगणार आहे, कारण त्याच्याबद्दल लोक जे हसत हसत सांगतात ते अर्धंच आहे.

मामाचं काम भाषांतराचं, असं लोकांना वाटतं. तसं म्हणालात तर तो चिडेल. "भाषांतर काय, कुणीही करतं. मी ओठ भरतो," म्हणेल. पडद्यावरच्या माणसाचे ओठ जिथे मिटतात, तिथे आपल्या वाक्यातही ओठ मिटणारं अक्षर यायला हवं: प, फ, ब, भ, म. नाहीतर तोंड एक बोलतंय आणि कानावर भलतंच पडतंय असं होतं. बघणाऱ्याला नेमकं काय खटकतंय ते कळत नाही, पण खटकतं. या अक्षरांवर मामाने अख्खं आयुष्य काढलं. टेबलावर दाढीचा गोल आरसा. वाक्य लिहायचं, आरशात बघून बोलायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. बाहेर पडला तरी नजर लोकांच्या तोंडावर. एकदा बसमध्ये एका बाईने त्याला चांगलंच फैलावर घेतलं होतं. मामी म्हणते, "लग्नाला एवढी वर्षं झाली. हा माणूस माझ्या ओठांकडे टक लावून बघतो, पण मी काय बोलते त्यातलं अक्षर ऐकत नाही."

स्वभावाने फटकळ आणि हट्टी. 'माझं चुकलं' म्हणायची वेळ आली की त्याला तहान लागते. उठून आत जातो, घटाघटा पाणी पितो, आणि येतो तोवर आपण विषय बदललेला असावा अशी त्याची अपेक्षा असते. बहुतेक वेळा आम्ही तो बदललेला असतोच.

मला त्यानेच वाढवलं. माझे वडील मी तान्ही असताना गेले आणि आई मी शाळेत जायच्या आधी. मला सांगितलेली गोष्ट मात्र मधूनच सुरू व्हायची. एका संध्याकाळी आई मला कडेवर घेऊन मामाच्या दारात उभी, कारण काकाने आम्हा मायलेकींना घराबाहेर काढलं. त्याच्या आधीचं काही नाहीच. काका कसा होता, काय करायचा, आम्ही त्याच्या घरात कुठे झोपायचो, काही नाही. काढलं म्हणजे काढलं, विषय संपला.

तो शब्दच आमच्या घरात कुणी काढायचा नाही. बाकीची पोरं दुकानदाराला काका म्हणायची, टॅक्सीवाल्याला म्हणायची, पाणीपट्टी मागायला येणाऱ्यालाही म्हणायची. मी सगळ्या जगाला मामा म्हणायचे. शाळेच्या शिपायाला मामा, दंतवैद्याला मामा. दंतवैद्य तरुण होता, तो खट्टू व्हायचा. मला वाटायचं, काका म्हटलं की मामाला दुखेल. आणि ज्याने मला भरवलं, न्हाऊ घातलं, तापात उशाशी बसून परीकथेतल्या राक्षसाचे आवाज काढून हसवलं, त्याला मी कशाला दुखवू?

तर ती चित्रपटमालिका आली. चार भाग, एका घराण्याची गोष्ट. पण कंपनी एका वेळी एकच भाग पाठवायची, तोही मळकट चित्राचा, वर मोठ्ठा शिक्का मारलेला, फक्त तोंडं दिसतील एवढा. पुढे काय, मागे काय, कुणाला सांगायचं नाही. पहिल्यांदा आलेला भाग म्हणजे खरं तर गोष्टीचा शेवट होता, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. त्यात एक एकडोळ्या म्हातारा एका पोराला घेऊन बर्फातून चाललाय. पाठीमागे मारेकरी. म्हातारा स्वतः उपाशी राहतो, पोराला खायला घालतो, आपला कोट त्याला देतो आणि शेवटी पोराला सीमेपलीकडे ढकलून स्वतः बर्फात बसून मरतो. पोरगा म्हणजे अर्थातच मी. आणि पोरगा त्या म्हाताऱ्याला सारखा एक शब्द म्हणून हाक मारत होता. त्या भाषेत चुलत्याला, मामाला, आत्याच्या नवऱ्याला, सगळ्यांना मिळून तो एकच शब्द. त्यांचं बरं आहे, एकात भागतं. आपल्याला ठरवावं लागतं.

मी विचारलंही होतं, "मामा, हा आईकडचा की बापाकडचा?"

"ओठ बघ," मामा म्हणाला. "दोनदा मिटतात. मा-मा. आता काका म्हणून बघ. तोंड उघडंच्या उघडं, डॉक्टरला घसा दाखवल्यासारखं."

"पण कंपनीला एकदा विचारूया ना."

"काय विचारायचंय त्यात? एवढा जीव लावणारा माणूस काका असेल होय?"

झालं. मामा लिहिलं, मी मामा म्हटलं. सिनेमा तुफान चालला. शेवटी मी बर्फात "मामाऽऽ" म्हणून फोडलेला टाहो ऐकून बाया पदर डोळ्याला लावून थिएटरबाहेर यायच्या. पोरं रस्त्यात एक डोळा झाकून "चल भाच्या" म्हणायला लागली. हे 'चल भाच्या' मूळ सिनेमात नव्हतंच, ते मामाने घातलेलं. मामाची कॉलर ताठ. स्टुडिओत त्याचं नावच मामा पडलं; आमच्या मालकीणबाई त्याच्याहून मोठ्या, त्याही मामाच म्हणायला लागल्या.

मग दुसरा भाग आला आणि कळलं की ही मंडळी गोष्ट मागे मागे सांगत निघालीत. यात पोरगा पाळण्यात, म्हातारा अजून दोन डोळ्यांचा आणि काळ्या केसांचा. पहिल्याच प्रसंगात पोराचा बाप या म्हाताऱ्याला मिठी मारतो आणि म्हणतो, "भावा!" त्या भाषेत भावासाठी मात्र सरळ स्वच्छ वेगळा शब्द. घ्या! मी रेकॉर्डिंगच्या काचेपलीकडे मामाच्या खुर्चीकडे बघितलं. तो पाणी प्यायला गेला होता.

आमचा ध्वनिमुद्रक, ज्याला सगळे कानसेन म्हणतात, तो शांत माणूस. तो म्हणाला, "मामा, एवढं काय त्यात. चूक झाली म्हणा. या भागापासून काका करू. लोक चार दिवस हसतील आणि विसरतील."

"मामाच राहील," मामा म्हणाला.

"अहो, पण तो बापाचा भाऊ आहे."

"भाऊ कशावरून? मेव्हणा असेल."

आणि खरंच, त्याने तो मेव्हणा केला. सगळा सिनेमा त्याने वाकवला. 'भावा' आलं की 'मेव्हणे'. 'आपण एका आईचं दूध प्यायलो' होतं, तिथे 'आपण एका ताटात जेवलो' केलं. बाप तापात मरता मरता वाचतो; त्या तापात तो भावाचा हात धरतो, सगळा जीव गोळा करून एक शब्द बोलतो, आणि आपल्याकडे तो म्हणतो, "मेव्हणेऽऽ". कानसेन काचेमागे तोंडात रुमाल कोंबून बसला होता. मामा मात्र आरशासमोर एकेक ओठ जुळवत होता, आणि जुळवलेही त्याने, त्याच्या हातात कसब होतं. सिनेमा लागला, कुणाला पत्ता लागला नाही. मामा घरी येऊन म्हणाला, "बघितलंस? शब्दात दम असला की नाती सुद्धा मुकाट्याने बदलतात." तेव्हा मला गंमत वाटली. एवढा आटापिटा कशासाठी, असा प्रश्न मला पडला नाही, याचं आता नवल वाटतं.

ही उलटी तऱ्हा त्या लोकांनी का केली असेल, यावर आमच्याकडे चहाच्या वेळी रोज वाद व्हायचे. कानसेन म्हणायचा, मरणारा म्हातारा दाखवला की लोक येतात, पाळण्यातलं बाळ दाखवलं तर कोण येणार? मालकीणबाई म्हणायच्या, आधी पहिला भाग काढला असेल, तो चालला म्हणून मागचं रचत बसले असतील. मला ते पटायचं. मामीने मात्र भाजी निवडता निवडता फार वेगळं सांगितलं. ती म्हणाली, "पाहुणा आला की आपण आधी बैठकीची खोली दाखवतो. अडगळीची खोली कुणी पहिल्यांदा दाखवतं का? आधी त्याला घर आवडू दे. त्या म्हाताऱ्याने आधी काहीतरी केलंय बघ. ते आधी सांगितलं असतं, तर त्याच्या मरणावर कुणी रडलं नसतं." मामा तेव्हा खिडकीशी उभा होता. तो म्हणाला, "काहीतरीच तुझं," आणि बाहेर निघून गेला.

तिसरा भाग लागला तेव्हा आम्ही तिघं पहिल्याच दिवशी बघायला गेलो. मामाने तो घाईत लिहिला होता. त्यात बहुतेक लहान मुलंच. दोन्ही पोरांचे आवाज मीच काढलेले, आणि मुलं एकमेकांना नावानेच हाक मारत होती, म्हणून काही अडलं नाही. पण अक्कल कुणीच चालवली नाही. पडदा उजळला. एक बाई चुलीपाशी बसलीये. एका पांघरुणात दोन पोरं. ती एकाच्या केसांवरून हात फिरवते, मग दुसऱ्याच्या. एक मोठा होऊन बाप होणार, दुसरा मोठा होऊन मामा होणार, हे अख्ख्या थिएटरला माहीत होतं. मग मागून कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "अरे थांबा थांबा! बाप आणि मामा सख्खे भाऊ? मग आई कोण?"

"आत्या!" दुसऱ्याने उत्तर दिलं.

त्यानंतर सिनेमा कुणी बघितलाच नाही. हशा एवढा उसळला की चुलीपाशी ती बाई रडत होती ते ऐकू येईना. आईबाप भाऊबहीण निघाले, वंश बुडाला, काय काय ओरडत होते. प्रत्येक वाक्याला टाळी. मी शेजारी बघितलं. मामा खुर्चीत खाली खाली सरकला होता, गुडघे पुढच्या खुर्चीला टेकले होते, आणि त्याने चेहऱ्यावर टोपी ओढली होती. मामी त्याचा हात धरून बसली होती. मध्यंतरात दिवे लागले तेव्हा आम्ही उठलो नाही. उठलो असतो तर कुणीतरी ओळखलं असतं. तहान लागली होती की नाही कोण जाणे, पण तो जागचा हलला नाही.

दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा होता: 'प्रेक्षकांना मामा बनवलं'. मालकीणबाईंना वितरकांपुढे काकामामा करता करता नाकी नऊ आले. चार ठिकाणी खेळ बंद झाले. दूधवाला जिन्यात मामाला म्हणाला, "काय मामा, का काका?" आणि आपल्याच विनोदावर हसत वर गेला. मामाने मागच्या दाराने जायला यायला सुरुवात केली. कोणी काही विचारायच्या आधीच म्हणायचा, "ओठ मिटत होते हो." भाजीवालीला सुद्धा. तिने बिचारीने सिनेमा बघितलाही नव्हता. मला त्याची लाज वाटायची आणि मग लाज वाटल्याची लाज वाटायची. शेवटी ते सगळं माझ्याच तोंडून गेलं होतं.

चौथा भाग आला. तो मधलाच निघाला. शेवट, त्याआधीचं, अगदी पहिलं, असं करत करत एक तुकडा त्यांनी मुद्दाम मागे ठेवला होता. मामीचं खरं निघालं. या भागात तो माणूस मारेकऱ्यांना घाबरून स्वतःच्या भावाच्या घराचं दार आतून उघडून देतो. भाऊ मरतो. आणि हा पळत सुटतो. एवढंसं पोरगं त्याच्या मागे अंगणात धावत येतं आणि हाक मारतं. तो थांबत नाही. पुढे कधीतरी परतून त्याने त्या पोराला शोधलं असणार आणि मग ते बर्फातलं सगळं, जे आपण आधीच बघून रडून बसलोय.

मालकीणबाई सरळ बोलल्या. "मामा, यात काका हवा. आता लपवाछपवी पुरे. जमत नसेल तर मी दुसरा लेखक बघते."

मामाने कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं: 'मामा, थांब ना! मी पण येतो!' मालकीणबाईंनी डोक्याला हात लावला.

"ओठ," मामा म्हणाला.

कानसेनने तो प्रसंग पडद्यावर थांबवून दाखवला. "पोरगा पाठमोरा आहे, मामा. ओठ कुठेयत?"

खरंच नव्हते. एक छोटीशी पाठ, अनवाणी पाय, लांब पळणारा माणूस. मामा बराच वेळ त्या पाठीकडे बघत राहिला. मग त्याने 'मामा' खोडून वर 'काका' लिहिलं. अक्षर एवढं वेडंवाकडं आलं की कानसेनने दोनदा वाचलं.

मी आत गेले, हेडफोन चढवला आणि म्हटलं, "काका, थांब ना! मी पण येतो!"

"पुन्हा," कानसेन म्हणाला. पुन्हा म्हटलं. पुन्हा. हसू नका, पण माझ्या जिभेला तो शब्द धरताच येईना. मी सिंहाच्या पिल्लाचा आवाज दिलाय, बोलणाऱ्या चमच्याचा दिलाय, आणि दोन अक्षरांपुढे अडले. कानसेन काचेपलीकडून म्हणाला, "तू शब्द उच्चारतेयस. हाक मारत नाहीयेस."

"मारलीच नाही कधी आयुष्यात, तर कुठून आणू?" मी खेकसले.

तेव्हा मामा उठला. जड दार ढकलून माझ्या खोलीत आला आणि दार लावून घेतलं. माइक चालू आहे, हे त्याला सुचलं नाही. मलाही नाही.

"मारलीयेस," तो म्हणाला.

"काय?"

"हाक. तू दिवसभर तीच हाक मारायचीस." तो माझ्याकडे बघत नव्हता, भिंतीवरच्या फोमकडे बघत होता. "त्याने तुम्हाला काढलं बिढलं नाही. तुझी आई आजारी होती, म्हणून मीच तिला माझ्याकडे घेऊन आलो. दवाखाना जवळ पडेल म्हणून. ती गेली. आणि तू रोज जिन्यात बसायचीस आणि विचारायचीस, काका कधी येणार? मी तुला भरवायचो आणि तू घास तोंडात धरून विचारायचीस. मग एक दिवस तो आला. तुला न्यायला. तू आत झोपली होतीस. मी त्याला दारातूनच सांगितलं, पोरगी तुझं नाव काढत नाही, तिला तू नकोयस, पुन्हा इकडे फिरकू नकोस. तो गेला. आणि मग तू उठलीस आणि पुन्हा विचारलंस. तेव्हा मी सांगितलं, काकाने तुला घराबाहेर काढलंय." त्याने फोमचा कोपरा नखाने ओरखडला. "तू पुन्हा नाही विचारलंस. एकदाही नाही. मला वाटलं होतं चार दिवस रडशील. रडलीही नाहीस. शब्दच टाकून दिलास."

मी मूर्खासारखं म्हटलं, "आणि ते ओठ?"

"ओठ खरेच मिटत होते," तो म्हणाला, आणि मग, "नाही ग. काही झालं तरी मी मामाच लिहिला असता. बर्फात कोट काढून देणारा माणूस काका असता कामा नये. तुझ्या तोंडून तर नाहीच. लाज वाटते मला. त्या थिएटरात हसत होते ना, तेव्हा मला वाटलं, यांना सगळं कळलंय."

काचेपलीकडे कानसेन हेडफोन गळ्यात घेऊन पाठ करून उभा होता. त्याचे कान लालबुंद झाले होते. मामाने ते बघितलं, मग वर माइककडे बघितलं, आणि भिंतीला धरून बाहेर गेला.

लोकांना वाटतं, मग मला सगळं आठवलं असेल आणि मी गहिवरून हाक मारली असेल. छे! मला काडीचंही आठवलं नाही. मला संताप आला होता. मी तशीच उभी राहून कानसेनला म्हटलं, "घे," आणि रागाने ओरडले, "काका, थांब ना! मी पण येतो!" कानसेनने फक्त अंगठा वर केला. सिनेमात तीच हाक आहे. मागे वळून न बघणाऱ्या माणसावर पोरगं चिडलंय, असं वाटतं. लोकांना ते फार खरं वाटलं म्हणे.

घरी मी मामाशी बोलणं टाकलं. मामी दोघांच्या मध्ये ताटं सरकवत राहायची. ती लग्न होऊन आली ती या सगळ्यानंतर, आणि तिला तो कधीच काही बोलला नव्हता. ती फक्त एवढं म्हणाली, "मला वाटायचं, हा घरात काका शब्द का काढू देत नाही? रागाने माणूस एवढा घाबरत नाही." शेवटी मीच मामाला विचारलं, "कुठे राहतो तो?" मामाला पत्ता तोंडपाठ होता. इतकी वर्षं एकाच गावात, दोन बस बदलल्या की त्याचं दुकान. सायकली दुरुस्त करायचं. मामाने तो रस्ता कायम टाळला होता.

"मी येतो सोबत," तो म्हणाला.

"आत यायचं नाही. माझ्याशी बोलायचंही नाही," मी बजावलं. तो बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसून आला.

दुकान रस्त्याला लागूनच होतं. दारात चाकं टांगलेली, आत ग्रीसचा वास. मामा रस्त्यापलीकडे एका बंद दुकानाच्या पायरीशी उभा राहिला. आत एक म्हातारा सायकल उलटी करून साखळी बसवत होता. माझ्यासारखंच कपाळ. माझ्यासारखेच कान.

"कुठली सायकल?" त्याने मान वर न करता विचारलं.

"सायकल नाही. मी तुमच्या थोरल्या भावाची मुलगी."

त्याचा हात थांबला. मग त्याने फडक्याने एकेक बोट पुसायला घेतलं. पुसून झाली तरी पुसत राहिला. मला स्टूल दिलं, त्यावरची धूळ हाताने झटकली, त्यामुळे ते आणखी काळं झालं. मी बसले.

"एवढी मोठी झालीस," तो म्हणाला. मग इकडचं तिकडचं विचारलं. काय करतेस, कुठे राहतेस. सिनेमाचं ऐकून हसला. दात थोडेच उरले होते. माणूस वाईट नव्हता. मला त्याच्याकडे बघून एकदम सोपं वाटायला लागलं, आणि त्या भरात मी विचारलं.

"काका, तुम्ही मला न्यायला आला होतात ना?"

"आलो होतो."

"मामाने तुम्हाला परत पाठवलं. खोटं बोलला तो. मी तुमची वाट बघत होते. हे त्यानेच मला सांगितलं."

"असं होय," तो म्हणाला.

"मग तुम्ही पुन्हा का नाही आलात? एकदा नाही म्हणाला तो. एकदाच."

तो साखळीकडे बघत होता. मला वाटलं आता रडेल.

"तुला बरं वाटेल असं सांगता येईल," तो म्हणाला. "पण तू एवढ्या लांब आलीस. माझ्या घरात तेव्हा माझीच पोरं उपाशी होती, बायको रोज कटकट करायची. मी आलो, कारण यायला हवं होतं. भावाची पोर. लोक काय म्हणतील. तुझा मामा दारात नाही म्हणाला आणि मला सुटल्यासारखं झालं बघ. जिना उतरलो आणि शीळ घालत घरी गेलो." त्याने फडकं मांडीवर ठेवलं. "ती शीळ मला अजून ऐकू येते. शरम वाटते. पण घातली होती, हे खरंय."

मी उठले. तो काहीतरी पुटपुटला, बहुतेक 'चहा तरी घे' म्हणाला. मी रस्ता ओलांडला. मामा माझ्या तोंडाकडे बघत उभा होता, लांबूनच शब्द ओळखायचा प्रयत्न करत असावा, पण एवढ्या अंतरावरून त्याला काही लागलं नव्हतं.

"काय म्हणाला? शिव्या दिल्या मला?"

मी सांगून टाकलं. सगळं. शिळेचं सुद्धा. ते सांगायला नको होतं, पण मीही मामाचीच भाची, तोंडाला लगाम नाही.

"शीळ?" मामा म्हणाला. "शीळ घातली त्याने?" आणि तो रस्त्यात उतरला, त्या वयात, मुठी वळून. मी त्याचा शर्ट मागून धरला. तो दोन पावलं मला ओढत गेला, मग त्याचं अवसानच गळालं. मी त्याला पायरीवर आणून बसवलं.

"मला वाटायचं, तो तिकडे तुझ्यासाठी झुरतोय," तो म्हणाला. "आणि मी इकडे चोरासारखा तुला घेऊन बसलोय. माझी लाज मला चालत होती ग. त्यात निदान तू दोघांना हवी होतीस." आणि भर रस्त्यात, जाणारे येणारे बघत असताना, त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि तो हमसून हमसून रडायला लागला.

समोर काका दुकानाचं शटर खाली ओढत होता, भर दुपारी. आमच्याकडे त्याने बघितलं नाही.

"एकाला तर हवी होते ना," मी मामाला म्हटलं. त्याने मान हलवली, पण तोंडावरचे हात काही काढले नाहीत.